सॅनिटायझर मिळत नाही? साबणापासून राखेपर्यंतच्या पर्यायांची पारख

निकाल आधीच सांगून टाकतो. जवळ पाणी असेल तर साबणाची साधी वडी पहिल्या नंबरवर. पाणी जेमतेम असेल तर भोक पाडलेला कॅन आणि साबणाच्या पाण्याची बाटली. पाणी अजिबातच नसेल तर योग्य तीव्रतेचं अल्कोहोल, तेही लेबल नीट वाचून. वाइप्स, ब्लीचचं पाणी आणि राख ही अडीअडचणीची साधनं. व्हिनेगर, सुगंधी तेलं आणि पिण्याची दारू यांना शून्य गुण.

मार्च २०२० मध्ये दुकानांच्या फळ्यांवरून सॅनिटायझर गायब झालं तेव्हा अनेकांची गाळण उडाली. त्यामागे एक उलटी समजूत होती, की सॅनिटायझर हा खरा उपाय आणि साबण म्हणजे तडजोड. खरं तर सॅनिटायझर हीच तडजोड आहे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी बेसिन गाठणं शक्य नसतं, अशा ठिकाणी ते उत्तम. पण हात दिसायला स्वच्छ असतील तरच ते नीट काम करतं. ग्रीस किंवा चिखल लागला असेल तर अल्कोहोल मळाच्या थराखाली पोचतच नाही. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा बधत नाही आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवच असलेलं सुप्त रूप, तर अजिबात मरत नाहीत. हाताला कीटकनाशक लागलं असेल तर सॅनिटायझर ते काढत नाही, फक्त पसरवतं. साबण-पाणी मात्र या सगळ्यांना हातावरून धुऊन काढतं.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं आणि दुसरं तेलाकडे. तेलाकडचं टोक मेणचट मळात घुसतं, पाण्याकडचं टोक त्या मळाला सुटा करून पाण्याबरोबर नेतं. फ्लू आणि करोना या गटांतल्या विषाणूंभोवती स्निग्ध आवरण असतं, तेही याच झटापटीत फाटतं. ज्यांना असं आवरण नसतं ते विषाणू साबणाने मरतीलच असं नाही, पण ते सुटून वाहून जातात आणि आपलं काम तेवढ्याने भागतं. म्हणून चोळणं आणि खळबळून धुणं या दोन्ही गोष्टी साबणाइतक्याच मोलाच्या.

कोणती वडी घ्यावी? हात धुवायला कोणताही अंघोळीचा साबण चालतो. ‘जंतुनाशक’ असं ठळक छापलेल्या वडीसाठी जास्तीचे पैसे मोजू नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणांतून काढायला लावले. साध्या साबण-पाण्यापेक्षा ते अधिक परिणामकारक आहेत आणि रोजच्या वापराला सुरक्षित आहेत, हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. खरेदी करताना पाहायचं ते वेगळंच. वडी पाण्यात पटकन लगदा होणारी नको. वास उग्र नको, कारण दिवसातून दहा वेळा धुवायचं तर उग्र सुगंधाने त्वचा चुरचुरते. पाणी जड असेल तर खरा साबण फेसच धरत नाही. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरट साका तयार होतो, तो बोटांना चिकटतो आणि बेसिनलाही. अशा पाण्याला सिंडेट वडी, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम क्षालक (डिटर्जंट) वापरून बनवलेली वडी, बरी पडते. ती महाग असते, पण कमी अल्कधर्मी असल्यामुळे कोरड्या त्वचेलाही सोसते.

धुण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते आणि तरी बहुतेकांची चुकते. आधी हात पूर्ण भिजवायचे, मग साबण. कोरड्या हाताला साबण लावला की तो एका जागी गोळा होतो. नळ बंद करून किमान २० सेकंद चोळायचं. जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत भिजवण्यापासून पुसण्यापर्यंत ४० ते ६० सेकंदांची आहे. पाणी गरमच हवं असं नाही. थंड पाण्याने हात तितकेच स्वच्छ होतात आणि त्वचा कमी सुकते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते अंगठ्याकडे. तळहात एकमेकांवर घासताना अंगठे बाजूला उभेच राहतात, त्यांना फेस फक्त ओझरता लागतो. उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून गोल फिरवायचा, मग डावा. त्यानंतर बोटांची टोकं: पाचही बोटं जुळवून दुसऱ्या तळहातावर गोल घासायची, म्हणजे फेस नखांखाली शिरतो. हातावरचे बरेचसे जंतू नखांखालीच दडलेले असतात, म्हणून वाढलेली नखं कापणं हा या सगळ्यातला फुकटचा आणि सर्वांत फायद्याचा उपाय आहे. बोटांच्या बेचक्या, हातांची मागची बाजू, मनगटं. अंगठी काढून धुवा, तिच्याखाली फेस अडकून राहतो आणि तिथलीच त्वचा सर्वांत आधी सोलवटते.

आणि मग पुसणं. ओल्या हातावर जंतू जास्त सहज चढतात आणि ओल्या हाताने दाराची कडी धरली की तिच्यावर जास्त सहज उतरतातही. त्यामुळे हात नुसते झटकून चालत नाही. कागदी टॉवेल नसेल तर घरात प्रत्येकाचा वेगळा नॅपकिन आणि तो रोज धुऊन उन्हात वाळवलेला. दिवसभर ओलसर टांगलेला, सगळ्यांचा मिळून एकच टॉवेल चांगल्या धुण्यावर पाणी फिरवतो.

‘वडीवर सगळ्यांचे हात लागतात, मग तीच घाण नाही का?’ ही शंका रास्त आहे. वडीच्या पृष्ठभागावर जंतू सापडतात, पण वापरताना वरचा थर विरघळून वाहून जातो, त्यामुळे नीट धुतलेल्या हातावर ते टिकत नाहीत. खरी अडचण साबणदाणीत साचणाऱ्या पाण्याची. तळाला भोकं किंवा पट्ट्या असलेली साबणदाणी घ्या, वडी दोन वापरांमध्ये सुकली पाहिजे. मोठी वडी कापून अर्धीच बाहेर ठेवली तर ती लवकर सुकते आणि कमी वाया जाते. साबणाच्या वडीला दहापैकी नऊ. एक गुण कापला तो प्रवासातल्या गैरसोयीसाठी.

लिक्विड सोपला आठ. स्वच्छतेत वडीच्या बरोबरीचा, वापरायला सोपा, खिशाला जड. त्याचा दोष बाटलीत आहे. अर्धवट रिकाम्या पंपात वरून नवा साबण ओतत राहिलं तर तळाशी जंतू वाढायला जागा मिळते. बाटली पूर्ण संपू द्या, गरम पाण्याने आतून आणि पंपाच्या नळीतून धुवा, कोरडी करा, मगच भरा. साबण पुरवायला त्यात पाणी घालण्याचा मोह आवरा, कारण पाण्याबरोबर परिरक्षक, म्हणजे साबण टिकवणारा घटकही पातळ होतो आणि मिश्रण नासतं. फेसाचा पंप वेगळा. त्यात एक भाग साबण आणि चार भाग पाणी हे प्रमाण बहुधा जमतं. घट्ट साबण तसाच भरला तर पंपातली जाळी तुंबते आणि बटण दाबलं तरी वर येत नाही. हे मिश्रण उकळून गार केलेल्या पाण्यात, आठवड्यापुरतंच करावं.

भांड्यांचा साबण हाताला चालेल का? चालेल, थोडे दिवस. तेल ओढण्यासाठीच तो बनवलेला असतो, त्यामुळे त्वचेचं तेलही ओढून घेतो. दोन-तीन थेंब पुरेत. कपड्यांची पावडर थेट हातावर घेऊ नका. तिच्यातला सोडा आणि एन्झाइम कातडीला झोंबतात. तीच पाण्यात पातळ केली तर गोष्ट वेगळी. बांगलादेशातल्या हात धुण्याच्या कार्यक्रमांत वापरलेली रीत अशी: दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम पावडर घालायची, हलवायची, झाकणाला भोक पाडायचं, झालं. बाटली दाबली की साबणाचं पाणी येतं. शाळा, बांधकामाची जागा, जत्रा, जिथे वडी चोरीला जाते किंवा चिखलात पडते, तिथे ही बाटली वडीपेक्षा सरस ठरते. हिला मनापासून आठ गुण. फक्त बाटलीवर ‘हात धुण्यासाठी’ असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि ती लहान मुलांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

नळ नसेल तर या बाटलीच्या शेजारी पायाने चालणारा कॅन टांगता येतो. पाच लिटरचा, मूठ असलेला प्लास्टिकचा कॅन घ्या. तोंडापासून साधारण चार बोटं खाली, मुठीच्या विरुद्ध बाजूला, तापवलेल्या खिळ्याने दोन मिलिमीटरचं भोक पाडा. मुठीतून आडवी काठी घालून कॅन दोन खांबांमध्ये टांगा. गळ्याला दोरी बांधून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या काठीला बांधा. काठी पायाने दाबली की कॅन वाकतो, बारीक धार येते, पाय उचलला की कॅन सरळ होतो. हाताने काहीच धरावं लागत नाही, हे याचं मोठेपण.

यात नेमकं काय बिघडतं तेही सांगतो. पाणी भोकाच्या वर भरलं तर कॅन सरळ असतानाही ठिबकत राहतो, म्हणून भोकाच्या जरा खालपर्यंतच भरायचं. भोक मोठं झालं तर कॅन लवकर रिकामा होतो. दोरी आखूड राहिली तर कॅन कायम थोडा कललेला राहतो, लांब झाली तर पाय जमिनीला टेकतो तरी धार येत नाही. आठवड्यातून एकदा गाठ तपासावी. खाली खडी पसरा, नाहीतर हात स्वच्छ आणि पाय चिखलात. पाणी दर एक-दोन दिवसांनी बदला, कॅन आतून घासा.

कागदी साबणाला सहा. कल्पना छान, पण पुष्कळशा पाकिटांतली पानं इतकी पातळ असतात की एका पानाचा फेस तळहातांपुरताच होतो. दोन पानं घ्या. ओल्या बोटाने पाकीट उघडलं की सगळी पानं एकमेकांना चिकटून त्यांची ढेप होते, त्यामुळे हात भिजवण्याआधी पानं काढून ठेवावीत. याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे वडी किसणीवर किसून छोट्या कोरड्या डबीत ठेवणं. चिमूटभर कीस एका धुण्याला पुरतो.

वाइप्सबद्दल थोडक्यात. बाळांसाठीचे ओले वाइप्स मळ पुसतात, जंतू मारायला ते बनवलेलेच नसतात. फरशी-टेबल पुसायचे जंतुनाशक वाइप्स हातासाठी नाहीत. त्यातली रसायनं कठीण पृष्ठभागासाठी असतात. हातासाठीच्या वाइप्समध्ये अल्कोहोल किंवा बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक असतं. अल्कोहोलचं प्रमाण ६० टक्क्यांच्या वर असेल तर घ्यावेत. पाकिटाचं झाकण नीट न लावल्यास ते सुकतात आणि मग नुसता कागद उरतो. बाटलीभर पाणी आणि चिमूटभर साबणाचा कीस हाताशी असताना वाइप्स काढू नयेत असं आमचं ठाम मत आहे.

आता घरगुती सॅनिटायझर. सर्वांत जास्त गफलत इथेच होते. अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. निव्वळ अल्कोहोल मात्र उलट कमी काम करतं, कारण जंतूंची प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं. ‘दोन भाग अल्कोहोल, एक भाग कोरफडीचं जेल’ ही कृती फार फिरते. गणित करून पाहा. ९१ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं तर मिश्रण जेमतेम ६१ टक्क्यांना पोचतं, म्हणजे मोजमापात जराशी चूक झाली की पट्टीखाली. औषधाच्या दुकानात सहज मिळणारं ७० टक्क्यांचं घेतलं तर मिश्रण ४७ टक्क्यांवर येतं. वास सॅनिटायझरचा, हात थंडगार, आणि परिणाम भरवशाचा नाही. त्यात जेल आणि अल्कोहोल थोड्या वेळात वेगळे होतात आणि गुठळ्या पडतात.

७० टक्क्यांची बाटली मिळालीच तर तिच्यात जेल किंवा पाणी काही घालू नका. १०० मिलिलिटरला दीड मिलिलिटर ग्लिसरीन, बिनसुईच्या सिरिंजने मोजून, एवढंच. अल्कोहोल ६९ टक्के राहतं आणि हात फुटत नाहीत. ग्लिसरीन जास्त झालं की हात चिकट होतात, आणि लोक चिकटपणाला कंटाळून वापरणंच सोडतात.

जागतिक आरोग्य संघटनेची कृती एक लिटरसाठी अशी येते: ९६ टक्के इथेनॉल ८३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४२ मिलिलिटर, ९८ टक्के ग्लिसरीन १४.५ मिलिलिटर, आणि उरलेलं उकळून गार केलेलं पाणी एक लिटरच्या खुणेपर्यंत. इथेनॉलऐवजी ९९.८ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर ते ७५२ मिलिलिटर. पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं मिळालं तर निम्मं, २१ मिलिलिटर. पेरॉक्साइड हातावरच्या जंतूंसाठी नसतं. बाटलीत किंवा अल्कोहोलमध्ये असलेले बीजाणू मारण्यासाठी असतं, आणि त्यासाठी भरलेल्या बाटल्या ७२ तास बाजूला ठेवायच्या असतात. घाई करून हे तीन दिवस गाळू नयेत. ही कृती मुळात औषधनिर्मितीच्या ठिकाणांसाठी आहे, अल्कोहोलमापक हाताशी असलेल्या माणसांसाठी. स्वयंपाकघरात तर मुळीच नाही: ८० टक्के इथेनॉलच्या वाफा १७.५ अंश सेल्सियसलाच पेट घेऊ शकतात. शेगडी, देवघरातला दिवा, सिगारेट, विजेची ठिणगी, यातलं काहीही जवळ असता कामा नये.

अल्कोहोल कुठलं हेही बघायचं. रंग पातळ करायचं किंवा जाळायचं स्पिरिट हाताला लावू नका, त्यात मिथेनॉल असू शकतं. मिथेनॉल त्वचेतूनही शरीरात जातं; पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. ज्या बाटलीवर घटक आणि टक्केवारी छापलेली नाही ती कितीही स्वस्त असली तरी नको. पिण्याच्या दारूत बहुधा ४० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, म्हणून तिला वर शून्य दिला.

ब्लीचचं पाणी हा साबणही नाही आणि अल्कोहोलही नाही अशा वेळचा मार्ग. व्हिएन्नात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि प्रसूती विभागातले मृत्यू झपाट्याने घटले. पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीतही हेच हात धुवायला वापरलं गेलं. हातासाठी तीव्रता ०.०५ टक्के. ५ टक्क्यांचं साधं ब्लीच असेल तर १० मिलिलिटर ब्लीच आणि ९९० मिलिलिटर पाणी. ७० टक्के क्लोरीनची पावडर असेल तर २० लिटर पाण्यात १५ ग्रॅम. पावडर नीट विरघळवून, गाळ बसू देऊन वरचं पाणी घ्या. द्रावण रोज नवं, झाकलेल्या, उजेड न लागणाऱ्या भांड्यात. हात आधीच मळलेले असतील तर क्लोरीन त्या मळावरच खर्ची पडतं. सुवासिक किंवा घट्ट ब्लीच वापरू नका. ॲसिड किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. रोज वापरलं तर हात हमखास फुटतात. चार गुण, आणि तेही अटीतटीच्या वेळचे.

राखेला तीन. ती अल्कधर्मी असते, तेलकटपणा काढते आणि घासायला धार देते, पण ती जंतूंवर कितपत चालते याचा भक्कम पुरावा नाही. वापरायचीच तर थंड, पांढरी, नुसत्या लाकडाची, चाळलेली. प्लास्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेली राख नको. माती मात्र नाहीच. मातीत स्वतःचेच जंतू आणि कृमींची अंडी असू शकतात. काहीच नसेल तर नुसत्या वाहत्या पाण्याखाली जोरात चोळून धुणं हे काहीच न करण्यापेक्षा पुष्कळ बरं.

हात वारंवार धुतले की फुटतात, आणि फुटलेल्या भेगांत जंतू घर करतात, शिवाय झोंबतं म्हणून माणूस धुणंच टाळू लागतो. पुसल्यावर हात किंचित दमट असतानाच ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली वाटाण्याएवढी लावावी. रात्री जाड थर लावून सुती हातमोजे घातले तर दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. जेली लावल्यावर लगेच सॅनिटायझर लावण्यात अर्थ नाही.

घरात उरलेली छोटी बाटली कुठे वापरायची, तेही ठरवून ठेवा. एका वेळी सुमारे तीन मिलिलिटर लागतं, म्हणजे ५० मिलिलिटरची बाटली सोळा वेळा पुरते. दोन थेंब लावून ती पन्नास वेळा पुरवली तर एकदाही नीट काम होत नाही. हात २० ते ३० सेकंद ओले राहिले पाहिजेत आणि आपोआप सुकले पाहिजेत, पुसायचे नाहीत. ती बाटली बस, रेल्वे आणि दवाखान्याच्या रांगेसाठी ठेवा. घरात वडी वापरा. झाकण घट्ट लावा, कारण सैल झाकणातून आधी अल्कोहोल उडतं आणि मागे पाणी व ग्लिसरीन उरतं. भर उन्हात उभ्या गाडीत ती बाटली सोडू नका.